गळ, दोरी आणि आमिष

कर्जत स्टेशनावर सुटीच्या दिवशीं पहांटेच्या गाड्यांतून अलीकडे एक निराळ्याच प्रकारचा प्रवासी उतरतांना दिसतो. त्याच्या खांद्यावर बंदुकीच्या गवसणीसारखी लांबट पिशवी असते आणि हातांत खणाखणांची एक पेटी. पेटींत लांकडाच्या, रबराच्या आणि पत्र्याच्या मासोळ्या, बेडूक व किडे ओळीनें मांडलेले असतात. आणि ज्या पाकिटांतून ते आले त्यांवर एका रुंद तोंडाच्या, हिरवट अंगाच्या माशाचें चित्र असतें. हा मासा म्हणजे अमेरिकेंतील गोड्या पाण्याचा बास. तो पेजेंत नाहीं, उल्हासेंत नाहीं, पाताळगंगेंतही नाहीं. ज्या माशासाठीं हीं हत्यारें घडलीं तो येथें नाहीं, आणि येथें जो मासा आहे त्याच्यासाठीं हीं घडलेलीं नाहींत. असें असतांही पुष्कळदां तीं येथें चालतात. तीं कां चालतात, कोठें चालत नाहींत, आणि चालतात तेव्हां त्यांचें मोल कोण देतो, हें पाहण्यासाठीं गळ, दोरी व आमिष यांचा थोडा मागला इतिहास उलगडावा लागतो.

गळाचा खेळ साहेबानें आपल्याकडे आणला अशी सुशिक्षितांत एक समजूत आहे. ती खरी नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें सुमारें ११३० च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथांत राजाच्या वीस विनोदांची जी मालिका दिली आहे, तींत मत्स्यविनोद हा एक स्वतंत्र अध्याय आहे. (ही कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यांतील बसवकल्याण, आमच्या उल्हास नदीच्या कांठचें कल्याण नव्हे.) कुस्ती, हत्ती, घोडे, ससाणे यांच्या पंक्तीस मासे बसविलेले पाहून कोणास हंसूं येईल, पण राजानें हा विषय गंभीरपणें घेतला आहे. समुद्रांतले मासे व नदींतले मासे, खवल्यांचे व बिनखवल्यांचे, थोर देहाचे व लहान देहाचे, असे वर्ग पाडून कोणत्या माशास कोणतें खाद्य आवडतें, तें एकाच जागीं नित्य टाकून मासे कसे जमवावे, आणि मग काठी, दोरी व गळ हीं कशीं असावीं, हें तो सांगतो. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं हा ग्रंथ १९२५ पासून संपादून छापला, तेव्हांपासून तो सर्वांस सुलभ झाला. आमच्या वाचकांस तो निराळ्याच कारणानें ठाऊक असेल: मराठीच्या अगदीं जुन्या पद्यांपैकीं कांहीं ओळी त्याच्या गीतविनोदांत सांपडतात, आणि त्यांत मत्स्यावताराची स्तुति आहे! मत्स्यावताराचें स्तवन आणि मासे धरण्याचे धडे एकाच पुस्तकांत नांदतात, यांत त्या काळच्या कोणास विसंगति वाटली नसावी.

या अध्यायांतली जी गोष्ट आम्हांस मोलाची वाटते ती अशी कीं, राजा काठीपासून आरंभ करीत नाहीं, माशापासून करतो. आधीं मासा, मग त्याचें खाणें, मग साधन. आजच्या दुकानांत हा क्रम बरोबर उलटा झाला आहे.

कर्जत-खालापुराकडील कातकरी, ठाकूर व कोळी यांनीं तो क्रम कधीं सोडला नाहीं. त्यांची काठी म्हणजे कुंपणांतला बांबू, दोरी तागाची किंवा अंबाडीची, आमिष गांडुळाचें, आणि ओढ कळावी म्हणून दोरीवर मोरपिसाच्या देंठाचा नाहीं तर भेंडाचा तुकडा. पण खरें पाहतां त्यांच्या अन्नाचा मोठा भाग गळावर कधींच अवलंबून नव्हता. पाग फेंकून, ओहोळांत बांध घालून व सांपळे लावून ते मासे धरीत. आणि मृगाच्या पहिल्या पुरांत वलगण लागली म्हणजे, अंडीं घालण्यासाठीं प्रवाहाविरुद्ध भातखाचरांपर्यंत चढणारे मासे हातांनीं, काठ्यांनीं, टोपल्यांनीं, जसे मिळतील तसे घेत. गळ हा त्यांच्या लेखीं पावसाळा सरल्यावरचा, डोहाच्या कांठीं बसून करावयाचा, पोरासोरांचा व म्हाताऱ्यांचा उद्योग होता. त्यांच्याजवळ शास्त्राचीं पुस्तकें नव्हतीं, परंतु नांवें होतीं. आणि तीं नांवें शास्त्रांत गेलीं आहेत. मुंबई सरकारच्या चाकरींतील कर्नल सायक्स यानें दख्खनच्या माशांवरील आपला प्रबंध १८३९ मध्यें प्रसिद्ध केला, तेव्हां त्यानें खुद्री, कोळस, मुसळा, शिंगाळा अशीं देशी बोलींतलीं नांवें उचलून थेट शास्त्रीय नामावळींत बसविलीं. पुण्याजवळच्या मुळामुठेंतला तो खुद्री म्हणजेच दख्खनचा महासीर. आजही जगांतील सारे मत्स्यशास्त्रज्ञ त्याला सायक्सनें दिलेल्या त्याच नांवानें ओळखतात. इंग्रज शिकाऱ्यांच्या तोंडीं बसलेला 'मरेल' हा शब्दही आमच्या मरळाचाच होय.

या मरळाकडे आम्हांस पुन्हां यावयाचें आहे. तूर्त साहेबाची पेटी उघडूं.

मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यानें १८७३ मध्यें 'द रॉड इन इंडिया' हें पुस्तक लिहिलें, आणि १८८७ मध्यें केवळ तळ्यांतल्या मासेमारीवर दुसरें. तोंपर्यंत विलायतेंतून आलेला अधिकारी सामन माशासाठीं केलेली काठी घेऊन महासिरापुढें जाई आणि मोडका गळ घेऊन परत येई. महासिराच्या जबड्यांत दांत नसतात. पण घशांत असे बळकट दांत असतात कीं शिंपल्यांचा चुरा होतो, आणि तोंडाची पकड इतकी कठीण कीं सामनाच्या हलक्या गळांचे तुकडे पडत. म्हणून या देशासाठीं जाड तारेचे गळ निराळे घडवावे लागले. दोरीचीही तीच गत. विलायती दोरी विणलेल्या रेशमाची. ती दर वेळीं उलगडून वाळवावी लागे, नाहीं तर कुजे. तिच्या टोंकास लावावयाची पारदर्शक तांत स्पेनमधल्या मुर्सिया प्रांतांत रेशमाच्या किड्याच्या पोटांतील ग्रंथि ओढून करीत. ती वापरण्यापूर्वीं भिजवून मऊ करावी लागे, आणि कोरडी असतां पटकन तुटे. कोंकणच्या दमट हवेंत असल्या दोरीचें काय होत असेल तें, पावसाळ्यांत पुस्तकांच्या बांधणीस बुरशी आलेली ज्यांनीं पाहिली आहे त्यांस सांगावयास नको.

काठीची कथा अधिक गमतीची आहे. बांबूच्या चिरफळ्या पाडून, त्यांस त्रिकोणी तासून, सहा एकत्र चिकटवून काठी करण्याची कला अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पूर्णतेस पोंचली. हायरम लेनर्ड हा तींतला नांवाजलेला कारागीर. पण त्या काठ्यांचा बांबू अमेरिकेचा नव्हता. तो हिंदुस्थानांतून जाई, आणि व्यापारांत त्याला 'कलकत्ता' असेंच नांव होतें. त्यावर भाजल्याचे काळे डाग असत व ते ओळखीची खूण मानले जात. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं दक्षिण चीनचा बांबू आला आणि कलकत्त्याची सद्दी संपली. म्हणजे आमचाच बांबू सातासमुद्रांपलीकडे जाऊन, चिरून, चिकटवून, वार्निश होऊन येथील साहेबाच्या हातीं दसपट किंमतीस परत येत होता. कापसाची जी कहाणी आम्ही शाळेंत शिकलों, तिचीच ही एक धाकटी बहीण.

ज्या अमेरिकेनें बांबू चिरला तिनेंच बासाची मासेमारी एक स्वतंत्र विद्या करून सोडली. यासही कारण होतें. बास हा दबा धरून बसणारा मासा आहे. तो प्रवाहांत झुंजत नाहीं. पाणवेलींच्या, बुडालेल्या खोडांच्या आडोशास राहून जवळून जाणाऱ्या बेडकावर, मासोळीवर झडप घालतो. म्हणून त्याच्यासाठीं आमिष नेमक्या ठिकाणीं फेंकतां आलें पाहिजे. केंटकींतील घड्याळजी जॉर्ज स्नायडर यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, हात एकदां फिरवितांच आंतलें चाक अनेकदां फिरेल असें दांत्यांचें रीळ केलें. फेंकीच्या विद्येचा पाया तेथें घातला गेला. जेवतांना हातांतला चमचा तळ्यांत पडला आणि त्यावर मासा झेंपावला, हें पाहून ज्यूलिओ ब्यूएल यानें चमच्याच्या पात्याचें आमिष केलें, अशी आख्यायिका आहे. १८५२ चें त्याचें पेटंट मात्र आख्यायिका नव्हे. मिशिगनमधील मधमाशा पाळणारा जेम्स हेडन यानें चाकूनें तासलेला लांकडी तुकडा सहज पाण्यांत टाकला व बासानें तो उडविला, अशीही एक कथा सांगतात. १८९८ च्या सुमारास त्यानें कोरलेले लांकडी बेडूक आज संग्राहक जपून ठेवतात. डॉक्टर जेम्स हेन्शल याचा काळ्या बासावरचा ग्रंथ १८८१ चा. एकंदरींत, येथील पुष्कळ शिकारी जेव्हां महासिरावाचून दुसऱ्या माशास मासाच समजत नव्हते, तेव्हां तिकडे घड्याळजी, मधपाळ आणि डॉक्टर एका सामान्य तळ्यांतल्या माशाच्या स्वभावाचा अभ्यास करीत होते.

आतां आमच्या पाण्याकडे वळूं. कारण पाणीच येथें बदललें.

कल्याणहून खोपोलीपर्यंत आगगाडी १८५६ मध्यें आली व बोरघाट १८६३ मध्यें चढली, तरी त्या काळीं गळ घेऊन येणाऱ्यास चैत्र-वैशाखांत येथें फारसें कांहीं नव्हतें. सह्याद्रीच्या पायथ्याच्या नद्या पावसाळ्यांत बेफाम व उन्हाळ्यांत डोहापुरत्या. मग टाटांच्या जलविद्युत योजना आल्या. घाटमाथ्यावरील लोणावळें, वळवण व शिरवटें येथील तलावांचें पाणी सुमारें १,७०० फूट खालीं खोपोलीस आणून १९१५ मध्यें वीज सुरू झाली. १९२२ मध्यें आंध्र नदीवरील ठोकरवाडीच्या तलावाचें पाणी भिवपुरीस उतरलें. चक्रें फिरवून मोकळें झालेलें पाणी खोपोलीस पाताळगंगेंत व भिवपुरीस पेजेच्या पात्रांत सोडलें गेलें, आणि पेजेवाटे उल्हासेस मिळालें. जें पाणी भीमेच्या वाटेनें पूर्वसमुद्रास जावयाचें तें पश्चिमसमुद्रास जाऊं लागलें, आणि दोन नद्या बारमाही झाल्या. या योजनांच्या तलावांखालीं माथ्यावरच्या लोकांच्या जमिनी गेल्या, आणि मुळशीस त्याविरुद्ध १९२१ पासून सत्याग्रह झाला, हें या बारमाही पाण्याकडे पाहतांना विसरूं नये.

गळ टाकणाऱ्याच्या दृष्टीनें या नद्यांचा स्वभाव जगावेगळा आहे. त्यांचा पूर पावसावर नव्हे, तर मुंबईच्या विजेच्या मागणीवर अवलंबून असतो. सकाळीं गुडघाभर असलेलें पात्र, आकाश निरभ्र असतां, तासाभरांत छातीला लागतें. परक्या माणसानें पात्राच्या मध्यावरील खडकावर ठाण मांडूं नये, हा येथील पहिला नियम. आमिषाची निवड त्यानंतर. पाणी चढतें असतां हलकें आमिष प्रवाहावर वाहून जातें व वजनदार चमचा हवा. उतरतें असतां तोच चमचा दगडांत अडकतो. एकाच दिवशीं, एकाच जागीं, दोन प्रकारचें सामान लागावें अशा नद्या थोड्या.

विसाव्या शतकांत सामानाचें रूप पालटलें तें प्रयोगशाळेमुळें. नायलॉनची घोषणा १९३८ मध्यें झाली आणि लौकरच त्याची एकेरी पारदर्शक दोरी निघाली. ती कुजत नाहीं, भिजवावी लागत नाहीं, आणि स्वस्त. रेशीम व स्पेनची तांत दहा-वीस वर्षांत नामशेष झालीं. काठीच्या बाबतींत कांचतंतु दुसऱ्या महायुद्धानंतर व कर्बतंतु १९७० नंतर आले. १९४९ मध्यें ओहायोंतील निक क्रीम यानें रबरी मऊ गांडूळ ओतलें. १९९० नंतर विणीव दोरी आली. ती ज्या कृत्रिम तंतूची, तो त्याच जाडीच्या नायलॉनहून कितीतरी बळकट व जवळजवळ न ताणणारा. पण याच नायलॉनाचीं जाळीं झालीं हेंही लिहिलें पाहिजे. सुताचें जाळें दर हंगामांत डागडुजी मागे, पाण्यांत दिसे, आणि माशास थोडी तरी संधि देई. न दिसणारें, न कुजणारें जाळें डोहांत रात्रभर पसरून ठेवतां येऊं लागलें, तेव्हांपासून नद्यांतल्या माशांचा जो ऱ्हास झाला, त्याच्यापुढें साऱ्या गळांचा दोष किरकोळ आहे असें आमचें मत आहे. सुरुंगानें व विषानें मासे मारणें १८९७ च्या कायद्यानेंच गुन्हा ठरलें; अदृश्य जाळ्यापुढें कायदाही मंद पडतो.

आतां मरळ. तळीं, धरणांच्या फुगवट्याचे कांठ, भातशेतीजवळचे ओहोळ, जेथें म्हणून गवत व पाणवेल आहे तेथें हा सांपडतो. आणि बासाचीं हत्यारें येथें चालतात तीं याच्यामुळें. मरळही दबा धरणारा, बेडकावर झडपणारा, आडोशाचा मासा. परंतु साम्य येथेंच संपतें. बास तोंड उघडून पाण्यासह आमिष ओढून घेतो. मरळ चावतो आणि गवतांत मागें सरतो. बासाच्या सवयीनें खळबळ दिसतांच हिसका दिला तर रबरी बेडूक रिकामाच परत येतो. क्षणभर थांबून, दोरीवर वजन आल्यावरच ओढावें. बासाच्या गालाचा पडदा पातळ. मरळाचें तोंड हाडाचें, म्हणून काठी ताठ हवी, सहा-साडेसहा फुटांची, टोंकाकडे फार न लवणारी. दोरी न ताणणारी विणीव, तीस ते पन्नास पौंडांची. मासा फार वजनाचा असतो म्हणून नव्हे, तर तो गवताचा भारा गुंडाळून घेतो म्हणून. आमिष पोकळ बेडकाचें, ज्याचे दोन गळ पाठीशीं दडलेले असतात व चावल्याशिवाय उघडे पडत नाहींत. तिहेरी गळाची सुंदर रंगविलेली मासोळी येथें दहा फेंकींत नऊ वेळां पाणवेलच आणते. आणि बास धरणारे माशाचा खालचा ओंठ अंगठ्यानें चिमटींत धरून छायाचित्र काढतात, तसें मरळाशीं करूं नये. त्याला दांत आहेत.

हेंच सामान पेजेच्या खडकाळ पात्रांत मात्र निरुपयोगी. विणीव दोरी ओढीस बळकट, पण काळ्या पाषाणाच्या धारेवर घासली कीं सुतासारखी तुटते. तेथें आठ-दहा पौंडांची साधी नायलॉन, लवचिक काठी आणि बोटाच्या पेराएवढें फिरतें पातें पुरे. नाहीं तर कातकऱ्याचा बांबू व गांडूळ. वाम आणि शिंगाळा यांच्यासाठीं तर तेंच उत्तम, आणि यांत आम्ही थट्टा करीत नाहीं.

पण मरळाच्या बाबतींत साधनाहून मोठा प्रश्न काळाचा आहे. पावसाळ्यांत मरळाची जोडी गवतांत जागा साफ करून अंडीं घालते, आणि पिलें निघाल्यावर त्यांची राखण करते. लालसर-केशरी पिलांचा गुच्छ पाण्याच्या पृष्ठभागावर खळबळत हिंडतो व त्याच्या खालीं आईबाप असतात. या गुच्छावर बेडूक टाकला कीं मरळ हमखास येतो. भुकेनें नव्हे; तो पिलांवरचा शत्रु हांकलण्यास येतो. सर्वांत मोठे मासे असेच धरले जातात, आणि राखण करणारा गेला कीं शेंकडों पिलें घटकाभरांत इतर माशांच्या पोटांत जातात. कातकरी हा मासा खातो, आणि त्याचें घर त्यावर एक दिवस चालतें. त्याला उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु ज्यास मासा खावयाचा नाहीं, केवळ छायाचित्र घ्यावयाचें आहे, त्यानें आषाढ-श्रावणांत त्या केशरी गुच्छावर बेडूक टाकणें हा आम्हांस खेळ वाटत नाहीं. बासही पिलांची राखण करणारा मासा आहे. अलाबामांतील रे स्कॉट यानें १९६८ मध्यें काढलेल्या बासशिकाऱ्यांच्या संस्थेनें १९७२ पासून धरलेला मासा जिवंत सोडण्याचा प्रचार केला. पाकिटावरचें चित्र इकडे आलें, पेटी आली, रीळ आलें. हा भाग मात्र वाटेंत कोठें तरी राहिला.

'येथेंच बास आणून सोडावा' असें म्हणणारेही भेटतात. त्यांनीं दोन गोष्टी पाहाव्या. जपानांत १९२५ मध्यें आशी सरोवरांत बास सोडला. तो देशभर पसरला, आणि पुढें त्याच सरकारला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. दुसरी गोष्ट आमच्या घाटमाथ्यावरचीच आहे. १९७० नंतरच्या दशकांत वळवण येथें टाटांच्या मत्स्यकेंद्रानें महासिराचें कृत्रिम प्रजनन यशस्वी केलें; हें काम थोर होतें आणि त्यानें दख्खनचा महासीर वांचविण्यास मोठें साह्य झालें. पण तींच पिलें कावेरींत सोडलीं गेलीं, आणि तेथील स्वतःचा उंच पाठीचा महासीर, जो जगांत दुसरीकडे कोठेंही नाहीं, तो त्यांच्या गर्दींत लोप पावत चालला. त्याला शास्त्रीय नांव निश्चित मिळालें तें २०१८ मध्यें. तो अत्यंत संकटग्रस्त ठरला आहे. एका नदीचा देव दुसऱ्या नदींत उपरा झाला.

धरणांच्या कांठीं जातांना परवानगी कोणाची लागते हें आधीं विचारावें. खालापुरांतील मोरबे धरणाचें पाणी नवी मुंबई पिते, आणि तें राखणाऱ्यांस गळवाल्यांचें कौतुक नसतें. पेटी बांधतांना अवजड काठी एक व लवचिक काठी एक, विणीव दोरी व साधी दोरी, चार पोकळ बेडूक, दोन लहान पातीं, एवढें घेतलें कीं पुरे. उरलेल्या खणांत भाकरी ठेवावी. आणि निघण्यापूर्वीं प्रत्येक गळाच्या टोंकामागचा उलटा कांटा पकडीनें दाबून सपाट करावा. त्यानें क्वचित् एखादा मासा निसटतो. पण जो सोडावयाचा असतो त्याचें तोंड फाटत नाहीं, आणि गळ आपल्याच बोटांत रुतला तर खोपोलीपर्यंत डॉक्टर शोधीत जावें लागत नाहीं.